शटरच्या आतला घाट

आमच्या घराला गॅरेज आहे आणि आता त्यात गाडी नाही, हे कळल्यापासून निम्म्या गल्लीचा त्या जागेवर डोळा होता. एकाला तिथं मंडळाच्या मांडवाचे बांबू ठेवायचे होते. एकीला शिकवणी वर्ग काढायचा होता. माझ्या मुलीनं पुण्याहून फोन करून लोणच्यांचा धंदा सुचवला. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आणि माझ्या लोणच्याला दरवर्षी बुरशी येते, हे तिला चांगलं ठाऊक आहे. तरी सुचवलं.

मी तिथं आगगाडी बसवायची ठरवलं. खऱ्या गाडीच्या सत्याऐंशीव्या भागाएवढी, विजेवर चालणारी, रूळ, पूल, बोगदे, स्टेशनांसकट. पुण्याला मुलीच्या ओळखीतल्या एका गृहस्थांकडे मी ती पाहिली होती आणि जेवायला बोलावलेलं असताना दोन तास त्या खोलीतून बाहेर आले नव्हते. गल्लीत बातमी फुटली तेव्हा शेजारीण फाटकावर येऊन म्हणाली, "वहिनी, नातू झाला व्हय?" मी म्हटलं, नाही, मलाच हवी आहे. ती माझ्या तब्येतीची चौकशी करून गेली.

पण गॅरेजात गाडी का नव्हती हे आधी सांगायला हवं. ती मी विकली होती. नवऱ्याला न विचारता.

ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना होता. चाळीस वर्षं यंत्रांत काढली. कारखाना बंद करून घरी बसले त्याच्या पुढच्याच वर्षी काचबिंदू निघाला. समोरचं लख्ख दिसतं, कडेचं हळूहळू मिटत जातं. डॉक्टरांनी सांगितलं, गाडी चालवणं बंद. ह्यांनी डॉक्टरांपुढे शहाण्यासारखी मान हलवली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच खिशातून किल्ली काढली. पुढं दोनच महिन्यांत कळंबा तलावाच्या रस्त्यावर आमच्या गाडीचा एका सायकलवाल्याला धक्का लागला. बिचारा गटाराच्या कडेला पडला. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही, देवाची कृपा. हे मात्र ठासून सांगत राहिले, "त्योच आडवा आला. मी काय करणार?" घरी आलेल्यांना सांगितलं, गल्लीत सांगितलं, जावयाला फोनवर सांगितलं.

मग हे कागलच्या पुढं गावच्या जत्रेला दोन दिवस गेले तेव्हा मी जावयाला बोलावून घेतलं आणि गाडी मलकापूरच्या एका माणसाला देऊन टाकली. हे परत आले, उघड्या शटरपुढे उभे राहिले, आत बघितलं आणि म्हणाले, "बरं." नंतर विचारलं, जेवायला काय आहे.

भांडले असते तर मी निभावून नेलं असतं. भांडणात मी कच्ची नाही. पण त्या 'बरं'पुढे माझं काही चालेना. त्यानंतर वर्ष उलटून गेलं तरी हे गॅरेजात पाऊल टाकायला तयार नव्हते. विजेचा मेन स्विच तिथं आहे. फ्यूज गेला की हे अंधारात बसून राहत आणि हाक मारत, "अगं, बघ जरा." बाकी सगळं बोलणं चालू होतं. उसाची तोड, महानगरपालिका, पांढऱ्या रश्श्यात मिरी कमी पडली, सगळं. गाडीचं नाव तेवढं निघत नव्हतं. माझं चुकलं नव्हतं असं मी स्वतःला रोज बजावत होते आणि त्या रिकाम्या गॅरेजकडे बघायची मला भीती वाटत होती. आगगाडीचं खरं कारण तेच. जागा भरून टाकली की टोचायची थांबेल, असा माझा हिशेब.

गॅरेजाची खोली करणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. वर पत्रा, त्यामुळे एप्रिलमध्ये भट्टी आणि जुलैमध्ये ठिबक. मी खालून प्लायचं छत मारून घेतलं, भिंतींना ओल धरू नये म्हणून दोन हात रंग दिला, शटरच्या खाली रबराची पट्टी लावली. तरी पाली आल्याच. पालींना रुळांचं फार आकर्षण असतं, कारण मला अजून कळलेलं नाही.

टेबल करायला आले मिस्त्री. हे मिस्त्री म्हणजे ह्यांचे जुने दोस्त. बिडाचं ओतकाम करायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात, आणि असे पॅटर्न करण्यात मिस्त्रींचा हात धरणारा माणूस उद्यमनगरात नव्हता. आता वय झालं, मुलगा काम बघतो, पण हात स्वस्थ बसत नाहीत. माझा नकाशा त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "वहिनी, बिनघोर ऱ्हावा. सुताचा बी फरक पडायचा न्हाय."

पंधरा दिवस रंधा चालला. मिस्त्री आत काम करत, दर तासाला व्हरांड्यात जाऊन ह्यांच्याबरोबर चहा घेत. व्हरांडा आणि गॅरेज यांच्यात दहा पावलं असतील. हे एकदाही विचारत नसत की आत काय चाललंय. मिस्त्रीही सांगत नसत. दोघं कुस्त्यांवर बोलत.

टेबल मागच्या भिंतीला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बरोबर दहा फूट बसवायचं होतं. जोडून झालं, उचललं, आणि बसेना. सव्वा इंच जास्त! मिस्त्रींनी पुन्हा मोजलं. त्यांच्या मापानं दहा फूट. मी माझ्या टेपनं मोजलं. दहा फूट सव्वा इंच. मिस्त्रींनी हातातली पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि मटकन खालीच बसले.

झालं होतं असं. बीड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करतात. त्यासाठी त्या लोकांची पट्टीच वेगळी असते, तिच्यातला प्रत्येक इंच इंचापेक्षा कणभर मोठा. मिस्त्रींच्या पिशवीत पंचेचाळीस वर्षं दुसरी पट्टी नव्हती. भिंत त्यांनी माझ्या टेपनं मोजली आणि लाकूड स्वतःच्या पट्टीनं. माझं टेबल बिडात ओतलं असतं तर चोख बसलं असतं.

"या अल्ला! वहिनी, म्हातारा झालो की ओ मी," मिस्त्री म्हणाले, आणि मला इतकं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं. शेवटी तेही हसायला लागले. व्हरांड्यातून आवाज आला, "काय झालं?" मिस्त्रींनी तिथूनच ओरडून सांगितलं. आणि मग हे हसले. वर्षभरात पहिल्यांदा असे, खोकला येईपर्यंत. "मिस्त्री, भट्टीत घाला टेबल! गार झालं की बसतंय!"

मला वाटलं, आता येतील. खुर्ची वाजलीदेखील. पण हे उठून घरात गेले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

भिंतीचा गिलावा खरवडून आम्ही टेबल बसवलं. पण रूळ टाकायच्या खुणा, पुलाचे खांब, बोगद्याची तोंडं, हे सगळं त्याच पट्टीनं आखलेलं. मिस्त्री म्हणाले, सगळं काढून परत करतो. मी म्हटलं, राहू द्या. मला घाई झाली होती. पुलाच्या तोंडाशी रूळ बोटभर कमी पडला, तिथं मी एक तुकडा कापून मध्ये घातला. भूगोलाच्या बाईनं रुळाचे तुकडे कापू नयेत, हे मला नंतर समजलं.

बाकी माझी गाडी म्हणजे बघण्यासारखी. कोल्हापूरला रेल्वे संपते. तीस वर्षं मी फळ्यावर ती रेघ कोल्हापूरपर्यंत आणून थांबवत आले, आणि दरवर्षी एखादी मुलगी विचारायचीच, "बाई, पुढं का नाही जात?" जाणार आहे, कोकणात जाणार आहे, असं मी सांगायचे, मला माझ्या बाईंनी सांगितलं होतं तसंच. गॅरेजात मी कुणाची वाट बघितली नाही. स्टेशनापासून सरळ पुढं नेली. खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्रांचा घाट केला, त्यावर मलकापूरच्या पुढून आणलेली तांबडी माती चाळून टाकली. खराट्याच्या काड्या रंगवून ऊस लावला. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून कापूस काढला. इंजिन घेऊन कुरिअरवाला आला तेव्हा त्यानं विचारलं, "मावशी, ह्यात काय हाय?" मी सांगितलं. त्यानं माझ्या दोन सह्या घेतल्या.

गाडी चालू केली आणि पुलावर तिसरा डबा पडला. परत लावला, परत पडला. इंजिन जायचं, पहिले दोन डबे जायचे, तिसरा नेमका नदीत. आठ दिवस मी त्या डब्याची चाकं पुसली, डबे बदलून पाहिले, तिसऱ्या जागी जो असेल तो पडायचा. उकाड्यामुळे शटर अर्धं वर असे. हे व्हरांड्यात पेपर घेऊन बसलेले. खट्-खट्, धप्. खट्-खट्, धप्. सकाळभर.

नवव्या दिवशी व्हरांड्यातून गर्जना झाली.

"अगं, त्यो तुकडा काढ की!"

तुकड्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"दुसरा सांधा वर आलाय. गाडी जातीया तिकडचा, उजव्या हाताच्या रुळावरचा."

आठ दिवसांच्या डब्यांनी माझं डोकं फिरलेलं होतं. मी आतून ओरडले, "तुम्हाला तिथं बसून काय दिसतंय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. मग हे सावकाश म्हणाले, "दिसत न्हाय. ऐकू येतंय."

"मग या आणि काढा तुम्हीच!" मी म्हटलं. रागानंच म्हटलं. गोड बोलून गेल्या वर्षभरात काही झालं नव्हतं.

खुर्ची वाजली. पावलं मोजल्यासारखी आली. मी धावत जाऊन शटर पूर्ण वर केलं, कारण ह्यांच्या कपाळाला लागलं असतं. हे उंबऱ्याशी थांबले, एक हात भिंतीला लावला आणि आत आले. इकडंतिकडं बघितलं नाही. थेट टेबलापाशी गेले, वाकले आणि रुळावरून बोट फिरवत पुलापर्यंत नेलं. बोट थांबलं.

"कानस दे. बारीक."

माझ्याकडे नखं घासायची कानस होती, ती दिली. त्यांनी तिच्याकडे बघून तोंड वाकडं केलं, पण तीच वापरली. दहा मिनिटं घासत होते. मध्ये दोनदा बोट फिरवून बघितलं, एकदा फुंकर मारली. मग म्हणाले, "सोड."

मी वेग कमीजास्त करायचं सरकतं बटण त्यांच्या हातात दिलं. "तुम्हीच सोडा."

गाडी निघाली. पुलावरून इंजिन गेलं, दोन डबे गेले, तिसराही गेला. मी टाळ्या वाजवल्या. टेबल दहा फुटांचं, त्यामुळे गाडी मधून पुढं सरकली की ह्यांना दिसेनाशी होत असणार, पण मान जागची हलत नव्हती. वळणाच्या जरा आधी हात बरोबर मागे यायचा, घाट लागला की पुढं जायचा. असा चालक मी पुण्यातही पाहिला नव्हता. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला, गाडी बोगद्यात असताना, हे म्हणाले,

"त्यो सायकलवाला आडवा आला न्हवता."

हात बटणावरच ठेवून हे पुढं म्हणाले,

"आपल्या कडंनं चाललता बिचारा. मला दिसलाच न्हाय."

"मला ठाऊक आहे," मी म्हटलं. "मी शेजारी बसले होते."

गाडी बोगद्यातून बाहेर पडली.

"मग येवढे दिवस बोलली का न्हाईस?"

"तुम्ही चारचौघांत सांगत होतात. मी कसं खोटं पाडू तुम्हाला?"

"आनि गाडी? ती तरी मला सांगून इकायचीस. मी दिली असती."

दिली असती की नसती, यावर एरवी मी तासभर वाद घातला असता. पण वर्षभर ज्या वाक्याची मी वाट बघत होते आणि ज्याला भीत होते ते हेच होतं. "चुकलं माझं," मी म्हटलं. "सांगायला हवं होतं. तुमच्यासमोर न्यायला हवी होती."

मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. तिथं उभ्या असलेल्या माणसाला बघायचं तर आता ह्यांना अख्खं तोंड वळवावं लागतं, नुसत्या डोळ्यांनी भागत नाही. हे वळले. मी रडतेय हे तेव्हा त्यांना दिसलं असावं, कारण ते तसेच बघत राहिले. त्यांच्या पाठीमागं गाडी एकटीच घाट उतरत होती.