ओस्वाल्दीरची बरोबर उत्तरं

रिबेराव प्रेतो शहरातल्या रविवारच्या बाजारात उसाचा रस विकणारा ओस्वाल्दीर सरळ उत्तर द्यायला जन्मलाच नव्हता. लिम्फोमाच्या गाठी दोनदा केमोला पुरून उरल्या, तरी याची जीभ आपली चालूच. डॉक्टरीणबाईंनी नवा उपचार समजावला: रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या.

"माझ्या पेशी शाळेत?" ओस्वाल्दीर म्हणाला. "बाई, आमच्या घराण्यात चौथीच्या पुढे कुणी गेलेलं नाही!"

शिकलेल्या पेशी अंगात गेल्या आणि त्याच्या बायकोच्या, झुलेइकाच्या जिवाला घोर लागला. या दिवसांत मेंदूवर परिणाम होऊन भान सुटू शकतं, वेळेत कळलं तर औषध आहे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून नर्स इवानेते रोज विचारी: हे शहर कुठलं, हे काय आहे, एक वाक्य लिहा. आणि हा? घड्याळ दाखवलं की म्हणे, "सासूबाई. थांबायचं नावच नाही."

नर्स हसे. झुलेइका खोलीभर येरझारा घाली. असल्या माणसाचं डोकं फिरलं तर ते ओळखायचं कसं?

"मेल्या, एकदा तरी धड बोल!" ती ओरडे.

एका सकाळी तो धड बोलला. "घड्याळ. पेन. रिबेराव प्रेतो."

इवानेते खूश झाली. झुलेइका मात्र येरझारा सोडून तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"डॉक्टरांना बोलवा."

"अहो, सगळी उत्तरं बरोबर आहेत."

"म्हणूनच म्हणते! चाळीस वर्षं संसार केलाय मी याच्याशी. बोलवा आधी!"

तिने कागद त्याच्यापुढे सरकवला. पेन एकाच जागी गोल गोल फिरत राहिलं. मग मात्र नर्स धावली.

औषध सुरू झालं. तो नुसता पडून होता, आणि हिला बसवेना. एकच चादर घडी घाल, मोड, पुन्हा घाल. आपारेसिदा मातेला तिने आधी नवस केला, मग शिव्या घातल्या, मग माफी मागितली.

तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले. तिच्याकडे बघत राहिला.

"बाई, तुम्ही कोण?"

झुलेइका खाटेवर वाकली. "मी... तुझी बायको."

"अरे देवा! मग बरं कशाला केलंत मला?"

गाठी हटल्या की नाही, ते कळायला अजून अवकाश होता. झुलेइका त्याच्या छातीवर डोकं टेकून ढसाढसा रडली, आणि रडता रडता त्याला मेल्या, मुडद्या म्हणत राहिली.