आईच्या गळ्यातलं कार्ड

टेक्ससमध्ये भेंडी उत्तम पिकते, हे वीस वर्षं प्लेनोत राहून मला ठाऊक नव्हतं. आईला इथे आल्यावर पंधरा दिवसांत कळलं. ती रोज संध्याकाळी साडी आणि पांढरे स्पोर्ट्स शूज अशा अवतारात आमच्या वस्तीतल्या तळ्यापर्यंत फिरून यायची. वाटेत एका गोऱ्या म्हाताऱ्याचं घर. दारात झेंडा, अंगणात त्याच्या आवडत्या उमेदवाराची पाटी आणि कुंपणालगत भेंडीची रांग. तो वीतभर लांब, जून भेंड्या हौसेने तोडायचा. आईने एकीचं टोक मोडून दाखवलं. कट्कन मोडलं तर कोवळी, नाहीतर टाकून द्यायची. आई नागपूरची निवृत्त शिक्षिका. समोरच्याला मराठी येत नाही, ही तिच्या लेखी त्याची अडचण होती. तेव्हापासून सहा वर्षं तो तिला 'मॅम' म्हणून कोवळी भेंडी द्यायचा.

बेकायदा आलेल्यांना देशाबाहेर काढू म्हणणाऱ्या, अंगणातल्या पाटीवरच्या त्या माणसाला मीही मत दिलं होतं. हे मी मित्रांपासून लपवलं, घरात मात्र छाती फुगवून सांगितलं. आम्ही रांगेत उभे राहिलो, फॉर्म भरले, वर्षानुवर्षं वाट पाहिली. मग दुसऱ्यांनी मागच्या दाराने का यायचं? कॉलेजात शिकणारी माझी मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, दे विल कम फॉर अस टू. यू विल सी." मी म्हटलं, "अगं, हे आपल्यासाठी नाहीच." तिने फोन ठेवला. नंतरचे दोन महिने ती फक्त तिच्या आईशी बोलली.

मग बातम्या सुरू झाल्या. इमिग्रेशन खात्याची तोंड झाकलेली माणसं, बिनपाटीच्या गाड्या, पार्किंगमधून उचलून नेलेला कुणीतरी. आमच्या मराठी ग्रुपवर राजकारणाला सक्त बंदी आहे; सणवार, रेसिपी आणि चांगला प्लंबर, एवढंच चालतं. त्याच ग्रुपवर आता रोज सल्ले यायला लागले. कागद जवळ ठेवा. आईवडिलांना एकटं सोडू नका. सल्ला देणाऱ्यांपैकी कितीजणांनी माझ्यासारखंच मत दिलं होतं, हे विचारायची सोय नव्हती. ते राजकारण झालं असतं.

आईकडे ग्रीन कार्ड आहे. कायद्याने अस्सल कार्डच जवळ बाळगायचं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. पण अस्सल कागद कपाटात आणि बाहेर फिरते ती झेरॉक्स, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. शिवाय घरात लॅमिनेशनचं मशीन. मी कार्डाची दोन्ही बाजूंनी रंगीत झेरॉक्स काढली, लॅमिनेट केली, भोक पाडून निळी फीत ओवली आणि आईच्या गळ्यात अडकवली. काम छान झालं म्हणून स्वतःवर खूषही झालो.

"हे कशाला रे?" तिने विचारलं.

"कुणी थांबवलं तर दाखवायचं."

"मला कोण थांबवणार?"

मी फितीची गाठ घट्ट केली.

पुढच्याच आठवड्यात दाराची घंटा वाजली. भेंडीवाला म्हातारा आईचा दंड धरून उभा होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने सांगितलं, तळ्याजवळ पोलिसांची गाडी हळू झाली, काच खाली गेली. पोलिसाने तोंड उघडायच्या आत आईने फीत मानेवरून काढली आणि दोन्ही हातांनी कार्ड पुढे धरलं. पोलीस हरवलेल्या कुत्र्याची चौकशी करत होता. तपकिरी, छोटं, कुठे दिसलं का?

"तिला याची गरज नाही," कार्डाकडे बोट दाखवत म्हातारा मला म्हणाला. तो खरोखर चिडला होता. "हे तिच्यासाठी नाहीच." माझंच वाक्य तो माझ्याच दारात उभा राहून मला ऐकवत होता. मी थँक यू म्हणून दार लावलं.

त्या दिवसापासून आईचं फिरणं बंद झालं. संध्याकाळी ती तेच पांढरे शूज घालून डायनिंग टेबलाभोवती फेऱ्या मारायची. मी म्हटलं, "आई, मी येतो बरोबर." ती म्हणाली, "नको, इथे बरं आहे." टेबलाला वळसा घालताना कोपऱ्यातल्या खुर्चीला दर वेळी तिचा हात लागायचा. मी लॅपटॉप उघडून समोर बसायचो आणि एक अक्षरही वाचायचो नाही. लाज वाटायची. इतकी, की मुलीचा फोन आला तरी घ्यावासा वाटेना.

महिन्याभराने पायरीवर भेंडीची पिशवी दिसली. आई फिरकत नसल्याने म्हातारा पूर्वीच्या सवयीवर गेला होता. सगळ्या वीतभर लांब. आईने एकीचं टोक वाकवलं. मोडलं नाही. दुसरीचं वाकवलं. मग पिशवी बाजूला ठेवून म्हणाली, "माझं नागपूरचं तिकीट काढ. परतीचं नको."

"अगं, पण कार्ड आहे ना तुझ्याकडे. तुला कुणी काही करू शकत नाही."

"कुणी काही केलंच नाही रे," ती म्हणाली. "त्या पोलिसाला कुत्रा हवा होता. घाबरले मीच."

मी तिला थांबवायला हवं होतं. रडायला हवं होतं, निदान भांडायला तरी. पण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आता संध्याकाळी तिची काळजी करावी लागणार नाही, एवढंच डोक्यात आलं.

तिकीट मी त्याच दुपारी काढलं. कुणी दार ठोठावलं नाही, कुणी कागद मागितला नाही. ज्या कामासाठी मी मत दिलं होतं, ते माझ्या घरात मीच करून दिलं.