माशाच्या पाठीवरची गाठ

नांदूरघाटात मंजुळाबाईची ओळख दोन तऱ्हेची होती. बायकांना ती जात्याला टाकी लावणारी म्हणून ठाऊक, आणि पुरुषांना तोंडाळ म्हणून. दोन्ही खरं होतं. जात्याची तळी, खालचा दगड, झिजून गुळगुळीत झाली की दाणे नुसते भरडले जातात, पीठ पडत नाही. मग टाकीनं, म्हणजे बारीक छिन्नीनं, तिच्यावर पुन्हा टिचे पाडावे लागतात. नवरा मेल्यावर त्याची हत्यारं हिनं उचलली तेव्हा गाव हसलं होतं. हसणाऱ्यांच्या भाकरी पुढं हिच्याच हातानं मऊ झाल्या, पण ते कबूल कोण करणार!

तेव्हा राज्य निजामाचं होतं. सुंदररावांच्या मळ्यात विहीर खणताना काळ्या खडकाखाली पांढऱ्या दगडाचा थर लागला आणि त्यात मासे निघाले. दगड झालेले मासे. गावानं आधी त्यांना हळदकुंकू वाहून घेतलं. मग हैदराबादेहून बशीरुद्दीन नावाचे साहेब आले, असल्या दगडांचा अभ्यास करणारे. त्यांच्याबरोबरच्या पाथरवटानं पहिल्याच घावाला एका माशाचं डोकं उडवलं. साहेबांनी कपाळावर हात मारला. सुंदरराव म्हणाले, "आमच्या मंजुळाबाईला बोलवा."

ती चावडीच्या ओसरीवर बसली. तिचा घाव इतका हलका की जोंधळ्याच्या कण्यांएवढाच दगड उडे. खवले दिसू लागले की टाकी बाजूला ठेवायची आणि बाभळीच्या काट्यानं टोकरायचं. डोळ्यांपेक्षा तिचा कानावर भरवसा. नुसता दगड बद्द वाजतो, हाड जवळ आलं की आवाज पातळ होतो, असं ती म्हणे. आठ दिवसांत सहा मासे असे मोकळे झाले की साहेब बघतच राहिले. मग ते कपिलधारच्या बाजूचे खडक पाहायला दोन दिवस गेले आणि कामावर पटवारी भगवानरावांना ठेवून गेले.

सातव्या माशाच्या पाठीवर गाठ निघाली. बोराच्या आठळीएवढी, कण्याला चिकटलेली.

"ही घाण कशापायी ठिवली?" भगवानराव म्हणाले. "छिनून टाक. सातही मासे एकसारखे दिसले पायजेत."

"ही घाण न्हाई. हाड हाय."

"तुला काय कळतंय हाडातलं?"

मंजुळाबाईनं माशाची फरशी उचलली आणि गाठीला जीभ लावली. मग शेजारच्या कोऱ्या दगडाला लावली. "दगडावर जीभ घसरती, हाडाला धरून बसती. ही बसली. शेळीचा पाय मोडून सांधला की अशीच गाठ येती. ह्याचा कणा मोडला व्हता, पटवारी. मोडला, सांधला, अन् ह्यो जगला. त्याचं जगणं मी छिनून टाकू व्हय?"

भगवानरावांना यातलं एकच दिसलं. "उष्टं केलंस! सरकारी माल उष्टा केलास!"

"आठ दिस माझ्या थुंकीनंच धूळ पुसतीया. तवा दिसलं न्हाई?"

पटवारी तापले. स्वतःच हातोडा घेऊन पुढं आले. मंजुळाबाईनं फरशी मांडीवर ओढली आणि गाठीवर आपला पंजा झाकला. "घाला घाव. आधी माझी बोटं मोडतील, मग ती गाठ."

हातोडा खाली आला, पण नुसताच, हाताबरोबर. बाईमाणसाची बोटं मोडण्याएवढी हिंमत पटवाऱ्यांत नव्हती. दवंडी पिटण्याएवढी होती. संध्याकाळी गावात पुकारलं गेलं की मंजुळाबाईकडून कुणीही जात्याला टाकी लावून घेऊ नये. दवंडीचा शब्दन् शब्द तिनं ऐकला. पोट याच टाकीवर होतं, भीती वाटलीच. तरी मांडीवरची फरशी तिनं खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब परतले तेव्हा ती तिथंच होती. त्यांनी भिंग लावून गाठ पाहिली, बराच वेळ पाहिली. मग सगळ्या चावडीसमोर, तिनं जीभ लावली होती तिथंच आपली जीभ लावली.

"हड्डीच है," ते म्हणाले. "टूटके जुडी सो हड्डी."

सातही मासे पेंढ्यात बांधून हैदराबादेला गेले, गाठीसकट. दवंडी मात्र गावातच राहिली. शब्द मागं घेतला तर पटवारीपण कसलं! मंजुळाबाई रोज दोन-तीन कोस चालून परगावच्या जात्यांना टाकी लावू लागली. पायांची सालटी निघाली, पण चावडीची पायरी ती चढली नाही.

इकडं गावातल्या जात्यांच्या तळ्या गुळगुळीत झाल्या. बायका दोनदोनदा दळू लागल्या आणि पटवाऱ्याच्या नावानं बोटं मोडू लागल्या. दीड महिन्यानं खुद्द पटवाऱ्यांच्या ताटात कण्यांची भाकरी पडली. त्यांनी तोंड वाकडं केलं, तेव्हा त्यांची बायको वत्सलाबाई म्हणाली, "दवंडी तुमीच दिली न्हवं? आता खावा."

पटवाऱ्यांनी कोतवालाच्या हाती सांगावा धाडला. मंजुळाबाईनं तो तसाच परत पाठवला. "म्हनावं, तळी घिऊन सोता या."

दोन दिवसांनी भगवानराव आले. भर दुपारी, खांद्यावर जात्याची तळी, मागं वत्सलाबाई, आणि वेशीपर्यंत दारादारांत बायका उभ्या. त्यांनी तळी खाली ठेवली. मंजुळाबाईनं टाकी हातात घेतली नाही.

"आधी सांगा. माशाच्या पाठीवर काय व्हतं?"

भगवानराव जमिनीकडं बघत पुटपुटले, "हाड व्हतं."

"मला ऐकू आलं," मंजुळाबाई म्हणाली. "त्या वेशीपाशी बाया उभ्या हायत, त्यांला आलं न्हाई."