लवू परबांचे अडतीस सेकंद

दादर स्टेशनच्या पश्चिमेला, फुलबाजाराची गर्दी जिथे विरळ होते, तिथे वरळी नाक्याला जाणाऱ्या शेअर टॅक्सींची रांग लागत असे. त्या रांगेच्या तोंडाशी सव्वीस वर्षं लवू परब उभे होते. टॅक्सी त्यांची नव्हती. ते ड्रायव्हर नव्हते, युनियनमध्ये नव्हते, आणि तिथे त्यांना कुणी नेमलंही नव्हतं. गिरणी बंद पडल्यावर हाताला काम नव्हतं, म्हणून एकदा मेहुण्याच्या टॅक्सीत माणसं बसवून दिली आणि मग ते तिथेच राहिले. ड्रायव्हर लोक खुशीने जे हातावर ठेवत त्यात, आणि बायकोच्या पोळ्यांच्या ऑर्डरींत, लालबागच्या खोलीतला संसार चालला होता.

त्यांचं काम एकच, अनोळखी माणसांना एका गाडीत बसवणं. ऐकायला सोपं वाटतं. पण सिद्धिविनायकाला उतरणारा आधी आत शिरून कोपऱ्यात बसला, की देवळाशी बाकीच्या दोघांना खाली उतरून पुन्हा चढावं लागतं, मागच्या गाड्या हॉर्न मारतात, आणि देवाच्या दारात शिवीगाळ होते. म्हणून शेवटी उतरणारा वरळी नाक्याचा माणूस आधी आत, मग वाटेतल्या सेंच्युरी बाजारचा, आणि देवळाचा माणूस दाराशी. गुडघे दुखणाऱ्याला ड्रायव्हरशेजारची सीट. बाई दोन पुरुषांच्या मध्ये कधीच नाही. कोण कुठे जाणार हे परबांना विचारावं लागत नसे. हातात हाराची पुडी असली तर देऊळ, गळ्यात ओळखपत्र लोंबत असलं तर वरळी. तरीही ते विचारत, कारण न विचारता ओळखलेलं माणसाला आवडत नाही, असं त्यांचं मत होतं.

मतं त्यांना पुष्कळ होती आणि बहुतेक तुच्छतेची होती. मोबाइलवरून गाडी मागवून तिच्यात एकटाच बसणारा माणूस दिसला की ते त्याच्याकडे दयेने बघत आणि हितेंद्रला म्हणत, "बघ, आजारी दिसतोय." हितेंद्र हा त्यांच्या रांगेतला सगळ्यात जुना ड्रायव्हर. शहरं सुधारणाऱ्या लोकांबद्दल तर परबांना विशेष कणव होती. त्यांच्या हिशेबी त्या लोकांनी आयुष्यात कधी कुणाला 'जरा सरका' म्हटलेलं नव्हतं.

अशा लोकांपैकीच एक मुलगी श्रावण संपता संपता रांगेपाशी येऊन उभी राहिली. नाव रुचा. शिवाजी पार्कात वाढलेली, सल्लागार कंपनीत नवी, आणि बोलायला गोड. तिने एक चित्र दाखवलं. रस्त्याच्या वर खांबांवरून जाणारी पट्टी, आणि तिच्यावर अंड्यासारखे छोटे पांढरे डबे. ड्रायव्हर नाही, धूर नाही, सगळं विजेवर. माणसाने मोबाइलवर ठिकाण सांगायचं, त्याच ठिकाणी जाणारे सहा जण यंत्र एकत्र बसवतं, आणि डबा मध्ये कुठेही न थांबता थेट पोचतो. थांबावं लागतं जास्तीत जास्त एक मिनिट.

परबांनी चष्मा लावून ते चित्र लांबवर धरलं.

"हे मी करतो," ते म्हणाले. "फक्त मी जमिनीवर करतो."

रुचा हसली, पण तिने ते वहीत टिपून घेतलं. मग तिने सरळ सांगून टाकलं. असे डबे कुठे सुरू करायचे यासाठी चार ठिकाणं तपासायची होती. इथल्या माणसांना सध्या किती वेळ ताटकळावं लागतं, ते येत्या मंगळवारी मोजलं जाणार होतं. मंगळवार का, ते परबांना लगेच कळलं. मंगळवारी सिद्धिविनायकाची गर्दी असते आणि रांग पार नाक्याच्या पलीकडे जाते. आमचं सगळ्यात वाईट रूप बघायला येणार, असं ते हितेंद्रला म्हणाले.

हितेंद्रचं डोकं वेगळं चाललं. "काका, मंगळवारी जरा ढिलं सोडा. होऊ दे थोडा राडा. पब्लिक एकमेकांना सीट देत नाही, शेअरमध्ये भांडतं, असं दिसलं की ते लोक दुसरीकडे जातील. आपला स्टँड वाचेल."

"माझ्या रांगेत राडा?" परबांनी विचारलं. पुढे दोन दिवस त्यांनी हितेंद्रशी नीट बोलणंही टाकलं.

मंगळवारी ते पहाटेच्या चहालाच ड्रायव्हरांना भेटले. गाड्या एकामागे एक लावून घेतल्या, दारं उघडी. रांगेत उभ्या माणसांचे आधीच चौघाचौघांचे गट पाडले, उतरण्याच्या क्रमाने लावले, आणि गाडी येऊन थांबेपर्यंत पुढचे चौघे तयार ठेवले. एका आजोबांनी देवळाचा माणूस असून कोपरा पकडला, त्यांना परबांनी नुसत्या भुवईने दाराशी आणलं. उभ्या रांगेला त्या सकाळी मजा यायला लागली. लोक आपापसांत विचारून स्वतःच जागा बदलू लागले, आणि रांग एरवीच्या मंगळवारसारखी वाढलीच नाही. रुचा मोबाइलवरच्या घड्याळाकडे बघत होती आणि तिचा अंगठा थांबत नव्हता. दुपारी एकच्या सुमारास परबांचा आवाज बसला. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला, शांताला, एवढंच सांगितलं की आज त्या शहाण्यांना बोलायला तोंड उरलेलं नाही.

तीन आठवड्यांनी दादरच्या एका सभागृहात लोकांना माहिती द्यायचा कार्यक्रम झाला. परब इस्त्रीचा शर्ट घालून हितेंद्रबरोबर तिसऱ्या ओळीत बसले. रुचाचे साहेब, उन्मेष नावाचे, मराठी चांगलं बोलत होते. पडद्यावर चार ठिकाणांची नावं आली आणि समोर आकडे. एका ठिकाणी अकरा मिनिटं, एका ठिकाणी सात, एका ठिकाणी नऊ. दादरसमोर लिहिलं होतं, अडतीस सेकंद.

परबांनी हितेंद्रच्या गुडघ्यावर थाप मारली आणि मागे वळून सगळ्या सभागृहावर एक नजर टाकली.

"हा आकडा बघून आम्हीही थक्क झालो," उन्मेष म्हणाले. "छोट्या गाडीत अनोळखी माणसांबरोबर बसायची सवय लोकांना लावणं, हे या योजनेतलं सगळ्यात कठीण काम. इथे ती आधीच लागलेली आहे. म्हणून पहिलं स्टेशन दादरला, नेमकं त्या टॅक्सी स्टँडच्या जागी."

टाळ्या झाल्या. हितेंद्र परबांकडे बघत नव्हता. परब उठले. त्यांनी विचारलं, त्या डब्यात कुणी कुठे बसायचं ते कोण सांगणार. उन्मेषनी आदराने उत्तर दिलं.

"कुणीच नाही, काका. सगळे एकाच ठिकाणी उतरणार. कोण कुठे बसलं याने काहीच फरक पडत नाही."

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. वाईट हसू नव्हतं ते. पण परबांनी आयुष्यभर जगाकडे ज्या नजरेने पाहिलं, तीच नजर आता चारही बाजूंनी त्यांच्याकडे आली होती, आणि ती अंगावर कशी लागते हे त्यांना बासष्टाव्या वर्षी कळलं. ते खाली बसले. बाहेर जिन्यात रुचाने त्यांना गाठलं. तू मोजलंस ते बरोबर मोजलंस, असं म्हणून परब जिना उतरून गेले.

शांताने सगळं ऐकून घेतलं. पोळी लाटता लाटता तिने मान वर केली.

"एक दिस वायट काम करूक जमला नाय तुमका?"

"नाय जमला," परब म्हणाले.

दिवाळीनंतर माती तपासणीसाठी स्टँडभोवती पत्र्यांचं कुंपण लागलं. पत्र्यांवर पांढऱ्या डब्यांचं चित्र, हिरवं झाड आणि हसणारं कुटुंब. डबे यायला किती वर्षं लागतील ते कुणालाच सांगता येत नव्हतं. टॅक्सींना दोन चौक पलीकडे, पेट्रोल पंपाच्या भिंतीलगत जागा मिळाली. पहिल्या दिवशी तिथे पाच गाड्या उभ्या होत्या आणि माणूस एकही नव्हता. जुने उतारू पत्र्यांसमोर उभे राहून मोबाइलवरून गाड्या मागवत आणि एकेकटे निघून जात. रोज एका टॅक्सीत जाणारे चौघे आता चार गाड्यांतून चालले होते, हसणाऱ्या कुटुंबाच्या समोरून. परबांनी ते लांबून पाहिलं.

दहा वाजले. भिंतीजवळून माणसं जात होती, रिकाम्या टॅक्सींकडे बघत होती आणि पुढे जात होती. इथून काही सुटतं, असं कुणालाच वाटत नव्हतं. गाड्या होत्या, पण रांग नव्हती.

परबांनी सदऱ्याची कॉलर सारखी केली, पहिल्या टॅक्सीपासून दोन पावलं मागे आले आणि भिंतीला खांदा लावून, गाडीकडे तोंड करून उभे राहिले. उतारू उभा राहतो तसे.

"काका, कुठे निघालात?" हितेंद्रने विचारलं.

"वरळी नाका. तू पुढे बघ."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. ऊन भिंतीवरून खाली आलं. मग पाठीमागे चपला घासल्याचा आवाज झाला आणि थांबला. कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. परबांनी वळून पाहिलं नाही. नवा माणूस रांगेत उभा असताना त्याच्याकडे बघितलं, तर तो बिचकून निघून जातो.