चष्मा काढून ऐकलेला आवाज

माझ्या थोरल्या जाऊबाई कापड गिरणीच्या मागखात्यात कामाला होत्या. त्यांचे तरुणपण त्या खात्यात गेले आणि ऐकण्याची शक्तीही हळूहळू तेथेच गेली. खात्यात सगळे माग एकाच वेळी चालत. आडवे सूत नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत, पायाखालची फरशी थरथरे, आणि शेजारच्या बाईने कानाशी ओरडून सांगितले तरी शब्द कळत नसे. म्हणून तेथील बायका ओठांनी बोलत असत. आवाज न काढता, तोंड मोठे उघडून, एकेक अक्षर दाखवीत. जाऊबाई या विद्येत सर्वांहून तयार होत्या. खात्याच्या दुसऱ्या टोकाला मुकादम कोणाशी काय बोलला, हे त्यांना इकडे उभ्या उभ्या समजत असे. पुढे पुढे तो मुकादम तोंडावर हात धरूनच बोलू लागला. गिरणीत त्यांचे नाव खुणाबाई पडले. घरी आम्हाला त्यांच्यापासून काही लपवायचे असेल, तर त्यांच्याकडे पाठ फिरवून बोलावे लागे.

मी त्याच गिरणीच्या घडीखात्यात होते. तेथे यंत्रांचा गोंगाट नव्हता, म्हणून माझे कान शाबूत राहिले.

गिरणी बंद झाल्यावर जाऊबाई एका रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी घडी करण्याच्या कामाला लागल्या. डॉक्टरांनी त्यांना कानाचे यंत्र दिले होते. परंतु ते कपडे वाळवण्याच्या यंत्रांची घरघरही मोठी करून ऐकवी. जाऊबाई म्हणत की, जी गिरणी मी मागे सोडून आले होते, ती यांनी पुन्हा कानात आणून बसवली. ते यंत्र कपाटातच राहिले.

त्यांची नात त्यांच्या मांडीवर वाढली, कारण मुलगा आणि सून दोघेही सकाळीच कामाला निघत. मुलीला गाण्याचा नाद होता. जाऊबाई तिला खिडकीच्या उजेडात उभी करीत, समोर बसत आणि तिचे गाणे पाहत. कोणते कडवे आले, कोठे ती शब्द चुकली, हे त्या बरोबर सांगत. त्यामुळे आम्हा सर्वांची समजूत अशी झाली की, निदान नातीचे गाणे तरी त्यांना ऐकू येते.

नात शिकून परिचारिका झाली आणि तिला एका मोठ्या मालवाहू जहाजावर काम मिळाले. घरात आनंद झाला. नंतर तिने सांगितले की, समुद्रावर फोनची सोय फार थोडी असते. चेहरा दाखवून बोलणे होणार नाही. बंदर जवळ आले की आपला आवाज भरून पाठवता येईल, तेवढेच. जाऊबाईंनी तिच्या ओठांवरून हे सर्व वाचले आणि त्या हातातली उशी ठेवून उठून गेल्या. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तोंड दिसणार नाही. मग तिच्यातलं माझ्याकडे काय उरलं गं, धाकटे?"

मी हे नातीला सांगितले. तिने ते मनावर घेतले. ती म्हणाली की, कानांना पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन मिळतात. त्यांत बाहेरचा गोंगाट फारसा शिरत नाही आणि आतले गाणेही शेजारी बसलेल्याला ऐकू जात नाही. घडी होऊन पिशवीत मावतील असे घेतले, तर आजीला धुलाईघरातही ऐकता येईल. आम्ही तिघी दुकानात गेलो.

दुकानदार सावकाश बोलणारा, सभ्य गृहस्थ होता. नातीने आपले गाणे फोनमध्ये भरून आणले होते, तेच लावून पाहायचे ठरले. पहिला जोड हलका होता, पण त्याची गादी कानावर नुसती टेकत असे आणि गाणे मलाही बाहेर ऐकू येत होते. दुसरा जाड, काळा आणि वजनदार होता. तो घालताच जाऊबाईंचा चेहरा उजळला. खालचा ठोका छातीपर्यंत पोचतो, अगदी मागखात्यात उभी आहे असे वाटते, असे त्या म्हणाल्या. नात त्यांच्यासमोर उभी राहून आनंदाने त्या गाण्याबरोबर ओठ हलवीत होती. जाऊबाईंनी एकेक ओळ बिनचूक म्हणून दाखवली. दुकानदाराने मान डोलावली आणि आम्ही तो जोड घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी धुलाईघरातल्या बायकांनी त्यांची चेष्टा केली की, खुणाबाई आता डोक्याला पट्टा लावून कॉलेजात जाणार. जाऊबाई म्हणाल्या, जाईन, पण फी तुम्ही भरा.

त्याच दुपारी नात सामान घ्यायला बाहेर गेली होती. जाऊबाई माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी तो जोड माझ्या हातावर ठेवला.

"यात ती नाही," त्या म्हणाल्या.

वस्तू बिघडली असे मला वाटले. मी कानाला लावून पाहिले, तर गाणे व्यवस्थित चालू होते. मी तसे सांगितले.

"नुसती धडधड येते. काल मी तिचं तोंड ऐकलं, धाकटे. जन्मभर तेच ऐकत आले."

नात परत आल्यावर मी तिला हे सांगितले. ती रडली नाही. एवढी वर्षे आजीने आपले गाणे ऐकलेच नव्हते, हे समजल्यावर तिने तो जोड पुन्हा खोक्यात भरला. जाणे तोंडावर आले होते. आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो.

दुकानदाराने कुरकुर केली नाही. त्याने सारे ऐकून घेतले आणि सांगितले की, खालचा भारी आवाज माणसाच्या गळ्याला झाकून टाकतो. ज्याचे ऐकणे थोडेच शिल्लक आहे, त्याने गळा मोकळा ऐकवणारा जोड घ्यावा. शिवाय चष्म्याच्या काडीमुळे गादी कानाभोवती नीट बसत नाही आणि तेथून बाहेरचा आवाज आत येतो. जाऊबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे दिला. चष्म्याशिवाय त्यांना कोणाचेही ओठ वाचता येत नाहीत. त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली, डोळे मिटले आणि नातीला दाराबाहेर उभे राहायला सांगितले.

दुकानदाराने एकामागून एक जोड लावले. प्रत्येक वेळी त्या मान हलवून नको म्हणत. नात काचेच्या दाराला हात टेकवून पाहत होती. शेवटी एक साधा, करड्या रंगाचा जोड आला. त्याची गादी मऊ होती, आणि ठोक्याचा जोर इतरांपेक्षा कमी. या वेळी जाऊबाईंची मान हलली नाही. गाणे संपले तरी त्या तशाच बसून होत्या. त्यांनी खुणेने पुन्हा लावायला सांगितले. नंतर नातीला आत बोलावले.

"तुझा आवाज जाड आहे गं," त्या म्हणाल्या. "एवढीशी जिवणी तुझी, मला वाटायचं आवाजही बारीकच असेल."

नातीने माझ्याकडून चष्मा घेऊन त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला, समोर वाकली आणि विचारले, "आजी, शब्द कळले का?"

"नाही कळले. शब्द मला तुझ्या तोंडावरून पाठ आहेत. आवाज माहीत नव्हता."

तोच जोड आम्ही घेतला. पुढच्या आठवड्यात नात जहाजावर रुजू झाली.

तिचा पहिला निरोप आला, तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. जाऊबाईंनी चष्मा काढला, हेडफोन लावले आणि भिंतीकडे तोंड करून ऐकले. मग त्यांनी तो जोड माझ्याकडे दिला. हे पाठ असलेले गाणे नव्हते, नुसते बोलणे होते, त्यामुळे त्यांना एकही शब्द लागला नव्हता. मी कान देऊन सगळे ऐकले. नातीने पत्रात लिहावे तसे सविस्तर सांगितले होते. तिची अरुंद खोली, खिडकीबाहेरचे पाणी, एका खलाशाचा भाजलेला हात तिने कसा बांधला. जाऊबाईंनी चष्मा घातला. मी त्यांच्यासमोर बसले आणि गिरणीतल्याप्रमाणे, आवाज न काढता, तोंड मोठे उघडून, ते सर्व अक्षर अक्षर दाखवले.

त्यांनी सर्व वाचून घेतले. एक वाक्य पुन्हा दाखवायला लावले. मग निरोप पुन्हा लावला, चष्मा काढून माझ्या मांडीवर ठेवला, हेडफोन कानांवर चढवले आणि मला हाताने थांबवले.

"आता गप्प बस," त्या म्हणाल्या. "ती बोलतेय."

मी तर तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. तरीही मी ओठ मिटून बसले.