मामांच्या कॅमेऱ्याची बारकी खिडकी

हे बघा, हसणार नसाल तरच सांगतो. नाहीतर चहा घ्या आणि निघा! ...बरं, ऐका.

माझे सासरे पिशोरला असतात. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांच्याकडं रोल घालायचा जुना कॅमेरा आहे. सासूबाईंचे होते-नव्हते ते सगळे फोटो त्यानंच काढलेले. सासूबाई गेल्यापासून मामा तो पोटच्या पोरांनासुद्धा हात लावू देत नाहीत. आणि मी शहाण्यानं काय करावं? "मामा, मला जुन्या कॅमेऱ्यांचं लई कळतं!" असं दिलं ठोकून. मामांनी आठ दिवसांसाठी दिला. एवढंच म्हणाले, "जपा बरं का."

झालं! माझी झोपच उडाली.

घरी येऊन डोळ्याला लावला. या कॅमेऱ्यात कसं असतं, बघायच्या खिडकीत मधोमध एक पिवळसर चौकोन असतो. त्यात माणूस दोनदा दिसतो. रिंग फिरवून दोघांचा एक केला की फोटो स्पष्ट येतो. मी बघतो तर चौकोनच गायब!

तसाच गुलमंडीच्या बाजारात पळालो. तिथं एक म्हातारे चाचा अजून असले कॅमेरे दुरुस्त करतात. त्यांनी खालून अलगद धरून बघितला.

"अच्छा खासा तो दिखरा, साब."

तसाच माझ्या डोळ्यापुढं धरला. खरंच की, चौकोन हजर! दुकानाबाहेर येऊन मी पुन्हा बघितलं. गायब!

"चाचा, गेला हो!"

"किधर गया? ये क्या है फिर?"

तीनदा झालं असं, तीनदा! शेवटी चाचांनी मला पाणी पाजलं. "घर जाके सो जाव," म्हणाले.

बायको म्हणाली, "बाबांना खरं काय ते सांगून टाका." अहो, खरं काय ते मलाच कुठं माहीत होतं? रविवारी मामा दारात. चप्पल काढायच्या आत मी त्यांचे पायच धरले.

"मामा, माफ करा! कॅमेरा माझ्या हातून पडला!"

मामांचा चेहरा पांढराफटक. "कवा पडला?"

"पडला नाही... म्हणजे, पडलाच असेल!"

मामांनी कॅमेरा डोळ्याला लावून रिंग फिरवली. "ठणठणीत हाय की. तुम्हाला काय दिसत नाय? दाखवा बरं धरून."

मी धरला. कसा? पडू नये म्हणून दोन्ही पंजांत गच्च आवळून! मामा समोर आले, वाकले.

"जावईबापू, म्होरच्या ह्या बारक्या खिडकीवर बोट कुणाचं हाय? चौकोन हिच्यातनंच येतो, ही झाकली तर दिसंल कसा?"

बोट उचललं. चौकोन आला. त्यात मामा दोनदा दिसले, आणि दोन्ही मामा माझ्याकडंच बघत होते!

आठ दिवस मी जितका जपून धरत होतो, तितकी ती खिडकी झाकत होतो. लाज वाटली हो. तरी धीर करून म्हटलं, "आता कळलं, मामा. राहू द्या की अजून आठ दिवस."

मामांनी कॅमेरा गळ्यात अडकवला.

"नको बाबा. पाडणारा परवडला, पण एवढा जपणारा नाय परवडत."