सुईआधीची थाप

ती केस आठवली की आजही माझ्या डोळ्यांपुढे आधी म्हैस येते, आरोपी नंतर. सांगली जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहाचा पहिला घोट घेतोय, तोच शिराळ्याकडच्या दोघी जावा केबिनमध्ये आल्या. धाकटी खाली मान घालून बसली. थोरलीनेच तोंड उघडलं.

"सायेब, हिला छातीचं आपरेशन करून घ्यायचंय. मोठी करायचं. सोमवारची तारीख दिलीया. पन त्यो डाक्टर मला लय बोगस वाटतोय."

उभ्या नोकरीत असली तक्रार आली नव्हती. मी चहा बाजूला सारला. धाकटीचा नवरा फौजेत, दोन लेकरं अंगावर पिऊन मोठी झालेली. नवऱ्याला तिने फोनवर सगळं सांगितलं होतं. दोघी जावांनी तर दार लावून, तांदळाच्या पुरचुंड्या कपड्यात ठेवून आरशापुढे मापही ठरवलं होतं! लग्नाच्या शालूलाही कोणी एवढा वेळ देत नसेल.

"मग संशय कशाचा?"

आता धाकटी बोलली. "मी मोबाईलवर समदं बघितलंय सायेब. गोल का थेंबासारखं, केवढं, स्नायूच्या वर का खाली, ते डॉक्टरसंगं बसून बाईनं ठरवायचं असतं. आत बसवत्यात त्याला नंबर असतो, त्याचं कार्ड मिळतं. ह्यो म्हनतोय, एकच माप हाय, समद्यांना बसतंय. भूल बी त्योच देनार. मला हौस हाय सायेब, पन मरायची न्हाई."

"कशाला पाहिजेत असली थेरं?" माझे फौजदार पुटपुटले.

"सर, ते आपल्या कुठल्या कलमात बसत न्हाई," आमच्या महिला हवालदार ताडकन म्हणाल्या.

नुसत्या संशयावर धाड घालता येत नाही. मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना बोलावलं, दोन पंच घेतले आणि हवालदारबाईंना पेशंट म्हणून साध्या साडीत त्याच्या दवाखान्यात पाठवलं. आम्ही खाली खासगी गाडीत दबा धरून बसलो.

ठरल्याप्रमाणे बाईंचा मिस कॉल आला तसे धावत वर गेलो. पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरचं मनगट बाईंनी धरून ठेवलेलं, त्याच्या हातात भरलेली सिरिंज. आणि बाई हसू दाबतायत! "सर, ह्यानं सुई द्यायच्या आधी माझ्या दंडावर मुठीनं दोन थापा मारल्या. वर 'हो, हो, हो' म्हनला. आमच्या म्हशीला अशीच देत्यात."

कपाटात सिलिकॉनच्या पिशव्या सापडल्या. ना नंबर, ना कंपनीचं नाव. पंचनामा करून त्याला ठाण्यात आणलं. गडी मात्र हार मानेना. भिंतीवरची पदवी खरी, मी शहरात शिकलोय, तुम्हाला यातलं काय कळतं, असं चाललेलं. असल्या माणसावर ओरडून उपयोग नसतो. मी त्याला चहा पाजला आणि गावाकडच्या गप्पा काढल्या.

"सुईआधी थाप कशाला हो मारायची?"

"दचकत न्हाई मग."

"लाथ पण मारत नसेल."

"न्हाई ना!"

"आजवर किती म्हशी टोचल्या असतील?"

"मोजल्यात कुनी, सायेब!" म्हणाला, आणि जीभ चावली. दारातले शिपाई खो खो हसले. आरोग्य अधिकाऱ्यांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. पुढचं त्यानं आपणहून सांगितलं. गुरांच्या डॉक्टरांकडे तो मदतनीस होता. डोकं शहरी झालं, हात गोठ्यातच राहिला.

हसलो खरं, पण त्याच्या दवाखान्यातलं ते ऑपरेशनचं टेबल पाहिलं होतं. सोमवारी धाकटी त्याच्यावर झोपणार होती.

काही महिन्यांनी दोघी जावा साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन आल्या. धाकटीची मान आता ताठ होती. खऱ्या सर्जनकडे, स्वतः पसंत करून तिने ऑपरेशन करून घेतलं होतं. तिने नंबरचं कार्ड हवालदारबाईंना दाखवलं. त्यांनी ते आरोपपत्रासारखं बारकाईनं वाचलं आणि "झकास!" म्हणून परत दिलं.

या केसने मला एक शिकवलं. पोलिसाने आरोपीचे हात तपासावेत, तक्रारदाराची हौस तपासू नये. मी हे भाषण त्या दिवशी फौजदारांना देणारच होतो, पण गरज पडली नाही. धाकटीने पेढ्याचा पुडा त्यांच्यापुढे धरला.

"सायेब, तुमी तवा इचारलं व्हतं, कशाला पाहिजे. माझ्या कानावर पडलं व्हतं."

फौजदारांचा हात पुड्यातच थांबला.

"मला पाहिजे व्हतं म्हनून," ती हसून म्हणाली. "घ्या, दोन घ्या."